दिवस आधी की महिना आधी? : संगणकीय दिनदर्शिकेतील तारखांचा घोळ आणि त्याची दुरुस्ती

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ शहराच्या पूर्वेस अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र आहे. आनंदनगर या नावाने ते परिचित आहे. रसायने, औषधी द्रव्ये, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना वस्तूंचे लहानमोठे कारखाने येथे असून अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या तिन्ही शहरांतून कामगार व कर्मचारी येथे कामास येतात. अशा एखाद्या कारखान्यात अमेरिकेतील खरेदीदाराचे पत्र आले आणि माल ०७/०४/२०२५ पर्यंत मिळावा असे त्यात लिहिले आहे, असे समजा. आपल्याकडील कारकून ही तारीख ७ एप्रिल अशी वाचील. पत्र लिहिणाराच्या मनात मात्र ४ जुलै आहे. दोघेही आपापल्या रीतीने बरोबर आहेत. अमेरिकेत महिना आधी लिहितात. भारतात, इंग्लंडात व बहुतेक युरोपात दिवस आधी लिहितात. चीन, जपान व हंगेरी या देशांत वर्षापासून आरंभ होतो. न्यूयॉर्कवरील २००१ च्या हल्ल्याचा उल्लेख 'नऊ-अकरा' असा होतो आणि मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याचा 'सव्वीस-अकरा' असा होतो, यातच हा भेद स्पष्ट आहे.

माणूस पत्राचा कागद, शिक्का, पत्ता पाहून तर्क करू शकतो. संगणकास तसा तर्क करता येत नाही. त्याच्या अंतरंगात 'प्रदेश' नावाची एक मांडणी निश्चित केलेली असते व तिच्याच आधारे तो प्रत्येक तारखेचा अर्थ लावतो. संगणक विकत घेताना किंवा त्यावर प्रणाली बसविताना ही मांडणी 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' अशी राहून गेली असेल, तर त्या संगणकापुरते आनंदनगर हे अमेरिकेत आहे. पंचायत कार्यालय, शाळा आणि तहसील यांचीही तीच गत होते.

घोळाचे मोजमाप

वर्षाच्या ३६५ तारखांपैकी ज्यांचा दिवस १ ते १२ यांमध्ये येतो अशा तारखा प्रत्येक महिन्यात १२, म्हणजे एकूण १४४ आहेत. त्यांतील १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा कोणत्याही रीतीने वाचल्या तरी सारख्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखांचा अर्थ मात्र उलटतो, आणि उलटलेला अर्थही एक खरीखुरी तारीखच असल्यामुळे संगणक तक्रार करीत नाही. राहिलेल्या २२१ तारखांत दिवसाचा आकडा १२ हून मोठा आहे. १५/०३/२०२४ ही तारीख महिना आधी धरून वाचू गेल्यास पंधरावा महिना शोधावा लागेल. तो नसल्याने संगणक त्या नोंदीस तारीख न समजता केवळ अक्षरे समजतो व तशीच ठेवतो. म्हणजे जी चूक डोळ्यांवर येते ती निरुपद्रवी आणि जी येत नाही ती घातक, असा हा उलटा प्रकार आहे. यादीतील दीडदोनशे नोंदींपैकी काही विचित्र दिसल्या की लिपिक तेवढ्याच हाताने दुरुस्त करतो. नीटनेटक्या दिसणाऱ्या नोंदींकडे त्याचे लक्ष जात नाही. खरी चूक मात्र त्यांतच असते.

ग्रामसभेसाठी वर्षानुवर्षे रूढ झालेले चार दिवस घ्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या व तिसऱ्या तारखेस काही होत नाही. १ मे ही तारीख ५ जानेवारी होते आणि २ ऑक्टोबर ही १० फेब्रुवारी होते. पंचायतीच्या संगणकीय दिनदर्शिकेत चारही सभा टाकल्या आणि दोनच योग्य दिवशी दिसल्या, तर दोष यंत्रात बिघाड झाल्याचा नसून मांडणीचा आहे हे ओळखावे.

१ जूनची जन्मतारीख

महाराष्ट्रातील शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही जन्मतारीख किती विद्यार्थ्यांच्या नावापुढे आहे हे शिक्षकांना सांगावयास नको. जन्माची नोंद नाही, आईला पावसाळा की सुगी एवढेच आठवते, आणि शाळा तर जूनमध्ये सुरू होणार; अशा वेळी गुरुजींनी सोयीची म्हणून हीच तारीख लिहिली. उल्हासनगरची वसाहत १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केली. घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांपैकी किती जणांना जन्माचे कागद बरोबर आणता आले असतील, याची कल्पना करता येते. तात्पर्य, शाळेच्या दप्तरातील तारीख हीच पुढे अनेकांची कायमची जन्मतारीख झाली.

आता १ जून १९६६ ही तारीख ०१/०६/१९६६ अशी घ्या. महिना आधी मानणाऱ्या संगणकावर ती टंकलिखित केली की ६ जानेवारी १९६६ होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये ५८ व्या वर्षी निवृत्त होणारा कर्मचारी ज्या महिन्यात ते वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवामुक्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा अखेरचा दिवस धरतात. म्हणूनच दरवर्षी ३१ मे रोजी राज्यात निवृत्तांची मोठी संख्या असते. उपरोक्त कर्मचाऱ्याची निवृत्ती ३१ मे २०२४ रोजी यावयाची. संगणकीय यादीत ती ३१ जानेवारी २०२४ अशी दिसेल. चार महिन्यांचे वेतन आणि तितकीच अर्हताकारी सेवा एका आकड्याच्या जागेवर अवलंबून राहते. याच्या उलट ६ जानेवारी रोजी जन्मलेला कर्मचारी १ जूनचा ठरल्यास तो चार महिने अधिक काम करील आणि मग वसुलीचा प्रश्न उभा राहील. सेवापुस्तक समोर उघडे असेल तर चूक तेथेच पकडली जाते. पण याद्या यंत्रातून निघू लागल्या की सेवापुस्तक कपाटात राहते, हा अनुभव नवा नाही.

जन्ममृत्यूच्या नोंदीचेही असेच आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालील व्यवस्थेत घटनेची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश अशा पायऱ्या आहेत. ८ मे रोजी जन्मलेल्या व २० मे रोजी कळविलेल्या बालकाची तारीख यंत्रात ५ ऑगस्ट झाली, तर जन्मापूर्वीच जन्माची नोंद झाली असे दिसेल आणि निदान ते हास्यास्पद असल्याने लक्षात येईल. पण ५ ऑगस्टचे बालक ८ मे रोजीचे ठरले, तर वेळेत केलेली नोंद उशिराची मानली जाईल आणि पालकांना विनाकारण परवानगीच्या मागे लागावे लागेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून या अधिनियमातील सुधारणा अंमलात आल्या आणि त्या दिवशी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामी जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. पूर्वी एका कागदातील चूक दुसऱ्या कागदाने सावरता येत असे. आता तो आधार क्षीण झाला आहे.

संगणक तारीख कशी साठवतो

या दोषाचे मूळ समजण्यासाठी आपल्याच ज्योतिर्गणितातील एक जुनी कल्पना उपयोगी पडते. ग्रहांची स्थाने काढावयाची तर तिथी, मास, वर्ष अशा तुकड्यांत मोजलेला काळ कामाचा नाही. म्हणून गणिती एका ठराविक आरंभदिवसापासून आजपर्यंत किती दिवस लोटले ती संख्या काढीत. तिला अहर्गण म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव या ग्रंथात शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरला, आणि संख्या फुगू नये म्हणून ११ वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे योजली. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून होत असत.

एक्सेल हा तक्त्यांचा कार्यक्रम नेमके हेच करतो. त्याचा अहर्गण १ जानेवारी १९०० पासून सुरू होतो. १ जून १९६६ ही तारीख त्याच्या पोटात २४२५९ या संख्येच्या रूपाने राहते आणि ६ जानेवारी १९६६ ही २४११३ या संख्येच्या रूपाने. (१९०० हे लीप वर्ष नसताना एक्सेल ते तसे मानतो. लोटस १-२-३ या जुन्या कार्यक्रमातील चूक जुने तक्ते चालावेत म्हणून जाणूनबुजून कायम ठेवण्यात आली आहे. चुकीची परंपरा केवळ सरकारी दप्तरातच जपली जाते असे नाही.) पडद्यावर दिसते ती तारीख म्हणजे त्या संख्येने धारण केलेला पोशाख होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. प्रदेशाच्या मांडणीची कामे दोन आहेत. बोटांनी टंकलेली अक्षरे वाचून त्यांची संख्या करणे हे पहिले. साठवलेली संख्या तारखेच्या वेषात दाखविणे हे दुसरे. तारीख चुकीची दिसू लागली की बहुतेक जण तक्त्यातील रकाना निवडून त्याचे स्वरूप 'दिवस-महिना-वर्ष' असे बदलतात. त्याने पोशाख बदलतो. पोटातील २४११३ ही संख्या २४२५९ होत नाही. उलट ०६-०१-१९६६ असे आता अगदी आपल्या पद्धतीने लिहिलेले दिसते, आणि दुरुस्ती झाल्याचे खोटे समाधान मात्र मिळते. मांडणी नोंदी करण्यापूर्वी तपासावयाची असते ती याच कारणाने.

निदान

रोग ओळखण्याची सर्वांत सोपी खूण ही की, एक्सेलमध्ये संख्या रकान्याच्या उजव्या कडेस सरकून बसतात व अक्षरे डाव्या कडेस. खरी तारीख ही संख्या असल्याने ती उजवीकडे जाते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर तो रकाना परक्या मांडणीखाली भरला गेला आहे असे निश्चित समजावे. डावीकडच्या साऱ्या नोंदींत पहिला आकडा १२ हून मोठा आणि उजवीकडच्या साऱ्यांत पहिला व दुसरा आकडा १२ च्या आत, असे आढळल्यास शंकेस जागाच उरत नाही. रकाना कोणी मध्यभागी ओढून सजविला असेल, तर ती सजावट आधी काढून टाकावी. सौंदर्याच्या हव्यासाने ही खूण पुष्कळदा पुसली जाते.

दुसरी परीक्षा वाराची. १ जून १९६६ रोजी बुधवार होता, ६ जानेवारी १९६६ रोजी गुरुवार. सभेच्या सूचनेत 'गुरुवार, दिनांक २ ऑक्टोबर २०२५' असे लिहिण्याची आपल्या कार्यालयांची जुनी रीत यासाठीच मोलाची आहे. यंत्राने १० फेब्रुवारी केले तर तेथे सोमवार येईल आणि विसंगती उघडी पडेल. प्राचीन लेखांचा काळ ठरविताना संशोधकही तिथीबरोबर वार दिला आहे का हे प्रथम पाहतात.

तिसरी खूण संकेतस्थळांवरील अर्जांत सापडते. एकच अर्ज एका संगणकावर 'डीडी/एमएम/वायवायवायवाय' अशी रिकामी चौकट दाखवितो आणि दुसऱ्यावर 'एमएम/डीडी/वायवायवायवाय' अशी. अर्ज बदललेला नसतो. ज्या ब्राउझरमधून तो उघडला त्याच्या भाषेनुसार चौकट बदलते. तेव्हा तारीख भरण्यापूर्वी चौकटीतील ही फिकी अक्षरे वाचण्याची सवय केंद्रचालकांना लावणे अगत्याचे आहे. धनादेशावर तारखेच्या आठ चौकटींखाली दिवस, महिना व वर्ष यांची अक्षरे छापलेली असतात, ती ह्याच हेतूने.

मांडणी कोठे बदलावी

विंडोज प्रणालीत 'सेटिंग्ज' उघडून 'टाइम अँड लँग्वेज' व तेथून 'लँग्वेज अँड रीजन' या पानावर जावे. 'रीजनल फॉरमॅट' या शब्दांपुढे 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' दिसल्यास त्याऐवजी 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'मराठी (इंडिया)' निवडावे. भाषा आणि मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत ठेवूनही तारखेची मांडणी भारतीय करता येते, आणि याच्या उलट आज्ञा मराठीत करूनही मांडणी अमेरिकन राहू शकते. पुष्कळ ठिकाणी मराठी टंकनाची सोय बसवून घेतली म्हणजे सारे मराठी झाले असे मानले जाते. ते खरे नाही. बदल केल्यानंतर एक्सेल बंद करून पुन्हा उघडावे. एकाच संगणकावर अनेक कर्मचारी आपापल्या नावाने काम करीत असतील तर प्रत्येकाची मांडणी निराळी असते, हेही ध्यानी घ्यावे. जुन्या 'कंट्रोल पॅनल'मधील 'रीजन' या विभागात 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' या पानावर हीच मांडणी नव्या वापरकर्त्यांसाठी लागू करण्याची सोय आहे.

गूगलच्या दिनदर्शिकेस संगणकाची मांडणी लागू होत नाही. तिची स्वतःची मांडणी खात्याबरोबर राहते. तेथे 'सेटिंग्ज'मधील 'लँग्वेज अँड रीजन' या भागात देश, तारखेचे स्वरूप आणि वेळ यांची निवड करावी लागते. आठवड्याचा आरंभ रविवारी की सोमवारी हे दृश्यविषयक पर्यायांत ठरते. गूगलच्या तक्त्यांसाठी तर प्रत्येक तक्त्याचा प्रदेश स्वतंत्र असतो व तो 'फाइल' आणि 'सेटिंग्ज' या मार्गाने 'इंडिया' असा ठरवावा लागतो. शाळेतील एका शिक्षकाने केलेला तक्ता दुसऱ्याने उघडला तरी पहिल्याचाच प्रदेश चालतो, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याची जबाबदारी अधिक.

वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय येथे सर्वथा सोडावी. '२५' म्हणजे १९२५ की २०२५ हे यंत्र एका ठरविलेल्या सीमेवरून ठरविते. विंडोजमध्ये ही सीमा दीर्घकाळ २०२९ होती. वृद्धापकाळ योजनेच्या यादीत १९२५ साली जन्मलेल्या आजी २०२५ साली जन्मलेल्या दिसल्या, तर त्या यंत्राच्या लेखी पाळण्यात आहेत आणि म्हणून अपात्र आहेत.

बिघडलेल्या नोंदींची दुरुस्ती

आधीच बिघडलेल्या रकान्यासाठी प्रथम मूळ फाइलची प्रत काढून बाजूस ठेवावी. नंतर तो रकाना कोणी, कोणत्या संगणकावर भरला याची चौकशी करावी. सारा रकाना एकाच यंत्रावर एकाच रीतीने भरला गेला असेल तर दुरुस्ती शक्य आहे. डावीकडे राहिलेल्या अक्षररूप तारखा निवडून 'डेटा' या विभागातील 'टेक्स्ट टू कॉलम्स' ही आज्ञा द्यावी आणि तिच्या तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून पुढे 'डीएमवाय' ठरवावे. उजवीकडच्या, म्हणजे उलटलेल्या तारखांसाठी शेजारच्या रकान्यात 'डेट' या सूत्रात वर्षाच्या जागी वर्ष, महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना घालून नवी तारीख तयार करावी. हे सूत्र डावीकडच्यांना लावू नये, आणि एकदा सुलटलेल्या तारखांना पुन्हा लावू नये. दुसऱ्यांदा लावल्यास रोग परत येतो.

मात्र दोन वेगवेगळ्या मांडणींच्या संगणकांवर भरलेल्या नोंदी एकत्र केल्या असतील, तर कोणतेही सूत्र चालणार नाही. ०५-०८-२०२२ या नोंदीत कोठेही ती मूळची कोणत्या यंत्रावरची हे लिहिलेले नसते. अशा वेळी शंकास्पद १३२ तारखांत बसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून मूळ रजिस्टरशी एकेक पडताळण्याखेरीज गत्यंतर नाही. काम कंटाळवाणे आहे, पण जी फाइल पुढे निवृत्तिवेतनास, शिष्यवृत्तीस किंवा मतदारांच्या वयास आधार होणार, तिच्याबाबतीत अंदाज चालविणे योग्य नव्हे.

बाहेरून आलेली, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. तसे केल्यास एक्सेल विचारल्याविना तारखांचा अर्थ लावून मोकळा होतो. 'डेटा' विभागातून ती आयात करावी व तारखांचा प्रदेश स्वतः सांगावा. शासन निर्णयांचे १८ अंकी संगणक संकेतांक अशा तक्त्यात असतील तर ते आधीच अक्षररूप ठरवावेत. एक्सेल १५ अंकांपुढील अंक शून्य करतो.

एका दिवसाचा फरक

कधी महिना व दिवस उलटत नाहीत, पण सारी यादी एकेका दिवसाने मागे सरकते. याचे कारण निराळे आहे. काही प्रणाली तारीख ही मध्यरात्रीची वेळ म्हणून साठवितात व ती जागतिक प्रमाणवेळेत नेतात. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे असल्याने १ जूनची मध्यरात्र तेथे ३१ मे रोजी सायंकाळचे साडेसहा ठरते, आणि वेळ गाळून केवळ तारीख छापली की १ जूनचा ३१ मे होतो. वेळेचा विभाग 'कोलकाता' असा, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचा आहे की नाही हे पाहावे. तो बरोबर असूनही फरक पडत असेल तर दोष कार्यक्रम लिहिणाराकडे आहे व त्याला तसे कळवावे.

शक, पंचांग आणि यंत्र

काही संगणकांत व फोनांत 'भारतीय राष्ट्रीय' ही दिनदर्शिका निवडण्याची सोय असते. ती निवडली की वर्ष एकदम १९४६, १९४७ असे दिसू लागते आणि यंत्र बिघडल्याची तक्रार येते. यंत्र बिघडलेले नसते. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. त्या अहवालानुसार २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ मानून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत छापली जाते ती हीच शके मिती. तिचे महिने सौर आहेत. म्हणून तिचा १ चैत्र हा गुढीपाडवा नव्हे : ९ एप्रिल २०२४ रोजी पाडवा होता, तर राष्ट्रीय दिनदर्शिकेत त्या दिवशी २० चैत्र १९४६ होता. शक एकच, महिन्यांची नावे तीच, तरीही दिवस निराळे. तेव्हा सणावारांसाठी ही दिनदर्शिका निवडणे व्यर्थ आहे आणि जन्मतारखेच्या रकान्यात तिचा शिरकाव होऊ देणे धोक्याचे आहे.

मांडणीचा हा भेद संगणकाने आणला असेही नाही. आनंदनगरच्या कारखान्यांतून उत्तर भारतातून आलेले कामगारही दिसतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. गोकुळाष्टमी मराठी घरात श्रावण वद्य अष्टमीस येते आणि शेजारच्या उत्तर भारतीय घरात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमीचा असतो. दोघांनी केवळ महिन्याचे नाव लिहून ठेवले तर एक महिन्याचा घोळ होईल. जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वर्ष एकोणिसाव्या शतकात प्रथम शके ७८२ असे वाचले गेले होते. पुढे ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असे निश्चित झाले. एका अंकाच्या वाचनाने शिलाहारांचे हे मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते. दगडावरची नोंद मूळ जागी शाबूत होती, म्हणून ते वाचन सुधारता आले.

लिहिण्याची निःसंदिग्ध रीत

आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ७९०० या मानकातही आकड्यांत लिहावयाच्या तारखेचा क्रम वर्ष, महिना, दिवस असाच आहे. ही रीत मराठी कार्यालयांना परकी वाटण्याचे कारण नाही. शासन निर्णयाच्या संगणक संकेतांकाचे पहिले आठ अंक पाहावेत : ५ जून २०२५ रोजीच्या निर्णयाचा संकेतांक २०२५०६०५ असा सुरू होतो. या क्रमाचा दुसरा लाभ असा की यादी अक्षरांच्या क्रमाने लावली तरी ती आपोआप कालक्रमाने लागते. फाइलींची नावे व तक्त्यांतील रकाने यांसाठी हीच रीत योग्य होय.

लोकांसमोर जाणाऱ्या कागदावर मात्र महिना अक्षरांत लिहावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जन्मतारीख अंकी' आणि 'जन्मतारीख अक्षरी' असे दोन स्वतंत्र रकाने पूर्वापार आहेत. ज्यांनी तो नमुना केला त्यांच्यासमोर संगणक नव्हता, खाडाखोड होती. पण 'एक जून एकोणीसशे सहासष्ट' या शब्दांना कोणतेही यंत्र उलटवू शकत नाही. दाखल्यांवरून संगणकीय याद्या करताना हा दुसरा रकाना जागा वाचविण्यासाठी बहुधा गाळला जातो. तो ठेवावा आणि पडताळणीच्या वेळी तोच प्रमाण मानावा.

शैक्षणिक वर्षाच्या सुट्यांची यादी तक्त्यावरून गूगलच्या दिनदर्शिकेत भरावयाची झाल्यास एक सावधगिरी हवी. तेथील मार्गदर्शनात नमुन्याची तारीख ०५/३०/२०२० अशी, महिना आधी घालून दाखविलेली आहे. आधी दोनच नोंदींची छोटी फाइल करून ती भरावी : एक २ ऑक्टोबरची, दुसरी २५ डिसेंबरची. दोन्ही आपापल्या महिन्यात दिसल्या, तर उरलेली यादी भरण्यास हरकत नाही. गांधी जयंती फेब्रुवारीत गेली असेल, तर ती नोंद खोडून आधी तक्त्यातील क्रम बदलावा आणि मगच पुढे जावे.